हिरोहितो : ज्यांच्या नावाने हुकूम सुटत

सैनिकी शाळेत आल्यावर पहिली गोष्ट शिकवली जाते ती हुकूम पाळण्याची. हुकूम देणे आणि दिलेल्या हुकमाचा जाब देणे या गोष्टी पुष्कळ पुढे येतात, आणि त्या जास्त अवघड असतात. दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू असला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : जर्मनीत हिटलर, इटलीत मुसोलिनी, मग जपानमध्ये कोण? बहुतेक जण तोजोचे नाव घेतात. पण तोजो ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधान झाला आणि जुलै १९४४ मध्ये पायउतार झाला. चीनमधले युद्ध त्याच्या आधी चार वर्षे चालू होते, आणि युद्धाचे शेवटचे भीषण वर्ष त्याच्यानंतरचे. या सगळ्या काळात आपल्या जागेवरून न हललेला माणूस एकच, सम्राट हिरोहितो. जपानी सैनिक त्यांच्या नावाने लढला आणि त्यांच्या नावाने मेला. युद्धानंतर त्यांच्यावर खटला झाला नाही, आणि १९८९ पर्यंत ते सम्राटपदी राहिले.

त्यांचे सगळे चरित्र या पानांत मावणार नाही. जिथे जिथे ‘हुकूम कोणाचा?’ हा प्रश्न येतो तिथे आपण थांबू आणि बाकीचे भरभर ओलांडू.

हिरोहितोंचा जन्म २९ एप्रिल १९०१ चा, टोकियोतला. जपानला आधुनिक सत्ता बनवणारे मेजी सम्राट हे त्यांचे आजोबा. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे थोड्याच आठवड्यांत बाळ आईवडिलांपासून दूर, कावामुरा नावाच्या निवृत्त ॲडमिरलच्या घरी वाढवायला दिले गेले. पुढे सरदारपुत्रांच्या शाळेत त्यांना मुख्याध्यापक लाभले ते जनरल नोगी. रशियाविरुद्धच्या युद्धात पोर्ट आर्थर घेणारे हेच नोगी. त्या युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले होते. साधे राहणे, काटकसर आणि थंडीवाऱ्याची तक्रार न करणे हे राजपुत्राने नोगींकडून घेतले. १९१२ मध्ये मेजी सम्राटांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी नोगींनी आणि त्यांच्या पत्नीने धन्यामागे जीव दिला. हिरोहितो तेव्हा अकरा वर्षांचे होते, आणि त्याच सुमारास त्यांना लष्करात सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला होता. तुमच्यापैकी सर्वांत लहान छात्राच्या वयाचा मुलगा, खांद्यावर अधिकाऱ्याची निशाणी, आणि ज्यांना गुरू मानले त्यांचा असा शेवट. नोगींनंतर राजपुत्रासाठी स्वतंत्र विद्यालय काढण्यात आले. त्याचे प्रमुख होते त्सुशिमाच्या आरमारी लढाईचे विजेते ॲडमिरल तोगो.

मात्र या मुलाचा खरा ओढा समुद्री जीवांकडे होता. सागरी जीवशास्त्राचा अभ्यास त्यांनी जन्मभर सोडला नाही. हायड्रोझोआ या सूक्ष्म प्राणिवर्गावर त्यांनी पुढे शास्त्रीय ग्रंथ लिहिले. स्वभावाने अबोल, डोळ्यांना चष्मा, चाल थोडी अवघडलेली. पांढऱ्या घोड्यावर गणवेशात बसलेल्या सम्राटाचे छायाचित्र आपण पुस्तकात पाहतो, त्याच्याशी हे वर्णन जुळत नाही. पण दोन्ही खरी आहेत.

१९२१ मध्ये युवराज म्हणून ते ‘कातोरी’ या युद्धनौकेने युरोपला निघाले. वाटेत पहिला थांबा ओकिनावाचा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. इंग्लंडमध्ये राजे पाचवे जॉर्ज त्यांच्याशी घरच्यासारखे बोलले. फ्रान्समध्ये त्यांनी पहिल्या महायुद्धाची उद्ध्वस्त रणभूमी पाहिली. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत बसून प्रवास केला आणि ते तिकीट आयुष्यभर जपून ठेवले. आपण तेव्हा पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरासारखे होतो, अशा अर्थाचे ते पुढे बोलत. परत आल्यावर आजारी वडिलांच्या जागी ते राजप्रतिनिधी झाले आणि २५ डिसेंबर १९२६ रोजी सम्राट. त्यांच्या कारकिर्दीला नाव देण्यात आले ‘शोवा’. त्याचा ढोबळ अर्थ उजळ शांतता असा होतो. याच नावाच्या काळात जपानने आशियाभर युद्ध पेटवले, ही इतिहासाची चेष्टाच म्हणायची.

आता त्या वेळची राज्यघटना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. १८८९ च्या मेजी घटनेत दोन सूत्रे एकत्र बांधलेली होती. एका कलमाने सम्राट पवित्र आणि जाबाच्या पलीकडचा ठरवला होता. त्याच्या नावाने होणाऱ्या कारभाराला मंत्र्यांनी सही करायची आणि जबाबदारीही मंत्र्यांनीच घ्यायची. दुसऱ्या कलमाने सम्राट हा भूदल आणि नौदल यांचा सरसेनापती होता. सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला न विचारता थेट सम्राटापुढे जात. म्हणजे नागरी कारभारात जबाबदार मंत्री होता. लष्करी कारवायांत मात्र मंत्र्यांच्या वर फक्त सम्राट, आणि सम्राट तर जाबाच्या पलीकडे! त्यात भर म्हणून १८८२ मध्ये सैनिकांसाठी काढलेले शाही आज्ञापत्र होते. वरिष्ठाचा हुकूम म्हणजे साक्षात सम्राटाचा हुकूम समजावा, असे त्यात सांगितले होते, आणि ते सैनिकांकडून पाठ करून घेतले जाई. याचा परिणाम काय झाला पाहा. हवालदारापासून जनरलपर्यंत प्रत्येक जण सम्राटाच्या नावाने बोलू लागला, आणि प्रत्यक्ष सम्राट काय म्हणतो हे कोणालाच ऐकू येईना.

पहिला प्रसंग १९२८ चा. मांचुरियातला चिनी सेनापती चांग त्सोलिन याची आगगाडी जपानच्या क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनी सुरुंग लावून उडवली. वरून हुकूम नव्हता. पंतप्रधान जनरल तानाका यांनी सम्राटाला शब्द दिला की दोषींना शिक्षा करू. पुढे सेनेच्या दबावाखाली ते प्रकरण झाकायला निघाले. तरुण सम्राट संतापले. तुम्ही आधी सांगितले ते आणि आता सांगता ते जुळत नाही, असे त्यांनी तोंडावर सुनावले. १९२९ च्या जुलैत तानाकांनी राजीनामा दिला, आणि तीन महिन्यांच्या आतच ते वारले. पुढे हिरोहितोंनी स्वतः सांगितले की हे आपल्याकडून तारुण्याच्या भरात झाले. त्यानंतर मंत्रिमंडळ जे एकमताने पुढे आणील त्याला, आपले मत वेगळे असले तरी, मान्यता द्यायची असे आपण ठरवले. ही त्यांची स्वतःची बाजू आहे, आणि ती युद्ध हरल्यानंतर मांडलेली आहे, हे ध्यानात ठेवून वाचावी.

दुसरा प्रसंग १९३१ चा, आणि सैनिकी विद्यार्थ्याने तो नीट अभ्यासावा असा आहे. १८ सप्टेंबरच्या रात्री मुक्देनजवळ जपानच्याच मालकीच्या रेल्वेमार्गावर क्वांतुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनी लहानसा स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घेतला आणि चढाई सुरू केली. टोकियोतले सरकार थांबा म्हणत होते. तीन दिवसांनी कोरियातल्या जपानी सेनेचे सेनापती जनरल हायाशी यांनी आपले सैन्य सीमा ओलांडून मांचुरियात घातले. सम्राटाच्या हुकमाविना देशाबाहेर सैन्य नेणे हा लष्करी कायद्याप्रमाणे गंभीर गुन्हा होता. हायाशींना काय शिक्षा झाली? काहीच नाही. झाले ते झाले म्हणून सम्राटाने मागाहून मान्यता दिली. जानेवारी १९३२ मध्ये तर क्वांतुंग सेनेच्या पराक्रमाची स्तुती करणारे शाही आज्ञापत्रही निघाले. हेच हायाशी १९३७ मध्ये पंतप्रधान झाले. बेशिस्तीला बक्षीस मिळते हे एकदा तरुण अधिकाऱ्यांना दिसल्यावर पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या वर्षांत जपानमध्ये कटांवर कट झाले, आणि मे १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या.

तिसरा प्रसंग मात्र वेगळाच आहे. २६ फेब्रुवारी १९३६, टोकियोत बर्फ पडलेले. तरुण अधिकाऱ्यांनी सुमारे चौदाशे सैनिक बाहेर काढून राजधानीचा मध्यभाग ताब्यात घेतला. अर्थमंत्री ताकाहाशी, माजी पंतप्रधान सैतो आणि जनरल वातानाबे यांना त्यांनी ठार केले. राजवाड्याचे मुख्य कारभारी ॲडमिरल सुझुकी कान्तारो गोळ्या लागून मरता मरता वाचले. बंडखोरांची घोषणा काय? आम्ही हे सम्राटासाठी करतो आहोत, वाईट सल्लागार दूर करतो आहोत. लष्करातले कित्येक वरिष्ठ त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहत होते. सम्राटाचे मुख्य एडीसी जनरल होंजो यांनी बंडवाल्यांच्या देशभक्तीची रदबदली करून पाहिली. हिरोहितोंनी ऐकून घेतले नाही. माझ्या विश्वासू माणसांना मारणाऱ्यांना माफी कसली, आणि सैन्य चालढकल करणार असेल तर मी स्वतः कोनोए तुकडी घेऊन त्यांना मोडून काढतो, असे ते म्हणाल्याचे होंजोंच्या रोजनिशीत आहे. चौथ्या दिवशी बंड संपले. म्हाताऱ्या जनरलांचा घोळ चालू असताना स्पष्ट बोलणारा माणूस एकच होता, आणि तो बोलल्यावर सैन्य हलले.

म्हणूनच १९४१ चा प्रश्न इतका बोचरा होतो.

मधली चार वर्षे चीनमध्ये रक्त सांडत होते. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळ मार्को पोलो पुलाच्या चकमकीतून सर्वंकष युद्ध पेटले. डिसेंबरात नानजिंग पडले, आणि तिथे कैद्यांची व सामान्य नागरिकांची जी कत्तल आणि स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते जगाच्या इतिहासातल्या काळ्या पानांपैकी आहेत. शहर पडले तेव्हा तिथल्या फौजेची सूत्रे हाती असलेले राजपुत्र असाका हे सम्राटाच्या आत्याचे यजमान. नोव्हेंबर १९३७ पासून शाही युद्धमुख्यालय खुद्द राजवाड्याच्या आवारात होते. सम्राटाला अहवाल जात, ते नकाशे पाहत, नेमके प्रश्न विचारत. त्यांना काही सांगितलेच जात नव्हते, ही समजूत आज कोणताही गंभीर अभ्यासक धरत नाही. वाद आहे तो या माहितीचे त्यांनी काय केले यावर.

५ सप्टेंबर १९४१. दुसऱ्या दिवशी शाही परिषद भरायची होती, आणि अमेरिका-ब्रिटनशी वाटाघाटी फसल्या तर युद्ध, असा ठराव पुढे येणार होता. हिरोहितोंनी सेनाप्रमुख सुगियामा आणि नौदलप्रमुख नागानो यांना बोलावून घेतले. युद्ध झालेच तर किती दिवसांत आटोपेल? दक्षिणेकडची मोहीम तीनेक महिन्यांत, असे सुगियामा म्हणाले. चीनचे युद्ध सुरू झाले तेव्हा तुम्ही युद्धमंत्री होतात आणि महिनाभरात संपेल म्हणाला होतात, चार वर्षे झाली, अजून संपले नाही, असे सम्राटांनी त्यांना सुनावले. चीनचा अंतर्भाग फार विस्तीर्ण आहे, अशी सबब सुगियामांनी पुढे केली. चीन विस्तीर्ण, तर मग पॅसिफिक त्याहून विस्तीर्ण नाही का? सुगियामा मान खाली घालून उभे राहिले. ही हकीकत तेव्हाचे पंतप्रधान कोनोए यांच्या आठवणींतून आली आहे.

एखाद्या कमांडरने विचारायला हवा तोच हा प्रश्न. उत्तर मिळाले नाही हेही त्यांना कळले होते. दुसऱ्या दिवशी परिषदेत त्यांनी रिवाज मोडून खिशातून कागद काढला आणि आजोबांनी रचलेली शांततेची एक कविता वाचून दाखवली. सगळे स्तब्ध झाले. आणि ठराव संमत झाला. कविता वाचणे म्हणजे ‘नाही’ म्हणणे नव्हे. १ डिसेंबरच्या परिषदेत युद्धाला अंतिम संमती मिळाली तेव्हा सम्राट एक शब्दही बोलले नाहीत. ८ डिसेंबरला त्यांच्या सहीने युद्धघोषणा निघाली.

त्यांच्या बाजूने सांगितले जाते ते असे. घटनेच्या चौकटीत राजाने मंत्रिमंडळाचा एकमुखी निर्णय फिरवायचा नसतो. फिरवला असता तर लष्कराने उठाव केला असता, आपल्या जवळची माणसे मारली गेली असती, आणि शेवटी याहून भयंकर युद्ध झाले असते, असे हिरोहितो स्वतः १९४६ मध्ये आपल्या निकटवर्तीयांना म्हणाले. ते निवेदन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. विरुद्ध बाजू विचारते : मग १९२९ मध्ये पंतप्रधान घालवताना, १९३६ मध्ये बंड मोडताना ही चौकट कुठे होती? अमेरिकन इतिहासकार हर्बर्ट बिक्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हाच मुद्दा लावून धरला. हिरोहितो युद्धाच्या कारभारात सक्रिय होते, असे त्यांचे म्हणणे. त्या ग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जपानी इतिहासकारांतही इनोउए कियोशी यांच्यासारख्यांनी हे पूर्वीच मांडले होते. उलट, बिक्स यांनी पुराव्यापेक्षा जास्त निष्कर्ष काढले असे म्हणणारेही चांगले अभ्यासक आहेत. प्रस्तुत लेखकाला एवढे वाटते की, १९३६ मध्ये मारेकरी सम्राटाच्या घरापर्यंत आले होते म्हणून ते बोलले. १९४१ मध्ये मरणारे दूरचे होते. हे मत थोडे कठोर आहे, आणि तुम्ही ते मान्य करायलाच हवे असे नाही.

या युद्धाची झळ आपल्या दारापर्यंत आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो भारतीय सैनिक कैदी झाले. त्यांतल्या अनेकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली. नेताजींच्या लढ्याचा अध्याय स्वतंत्रच आहे, तो इथे घाईने उरकणार नाही. मार्च १९४४ मध्ये जपानची पंधरावी सेना इंफाळ आणि कोहिमावर चालून आली. जनरल मुतागुचीच्या या योजनेत रसदीचा पत्ता नाही, अशी तक्रार त्याच्याच हाताखालचे अधिकारी करत होते. तरी जानेवारीत टोकियोच्या शाही मुख्यालयाची मंजुरी आली होती. वाटेत सांगशाकच्या टेकडीवर पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने शत्रूला काही दिवस अडवून धरले, आणि त्या फळीत मराठा लाईट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. जुलैत मोहीम मोडली. सुमारे ८५ हजार जपानी सैनिकांपैकी जवळजवळ ३० हजार मेले, त्यांत उपासमारीने आणि रोगाने गेलेले पुष्कळ. पावसात, चिखलात, भाताचा दाणा नसताना मागे सरकणारे ते शिपाई सम्राटाच्या हुकमावर आले होते, असे त्यांना सांगितलेले होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये कोनोए यांनी सम्राटापुढे लेखी निवेदन ठेवले : पराभव अटळ आहे, आता युद्ध थांबवा. आणखी एक मोठा विजय मिळाल्याशिवाय ते अवघड आहे, असे हिरोहितोंचे उत्तर होते. त्यानंतर काय घडले ते तारखांनीच सांगतो. १० मार्चच्या रात्री टोकियोवर आगीचे बाँब पडून सुमारे एक लाख लोक मेले. एप्रिल ते जून ओकिनावाची लढाई झाली. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ऑगस्टला नागासाकी, आणि मधल्या दिवशी सोव्हिएत रशियाची युद्धघोषणा. युद्ध लांबले ते एकट्या सम्राटामुळे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कोनोएंचा कागद त्यांच्या हातात होता, हे विसरताही येत नाही.

९ ऑगस्टच्या मध्यरात्री राजवाड्याच्या भुयारात परिषद भरली. शरण जावे की आणखी अटी घालून झुंजावे, यावर मते समसमान पडली. तेव्हाचे वृद्ध पंतप्रधान म्हणजे १९३६ च्या बंडात गोळ्या खाऊन वाचलेले ते ॲडमिरल सुझुकी. त्यांनी उठून सम्राटालाच निर्णय विचारला, आणि या वेळी सम्राट बोलले : असह्य ते सोसावे लागेल. १४ तारखेला त्यांनी पुन्हा तेच सांगितले, आणि त्या रात्री त्यांचे भाषण तबकडीवर मुद्रित झाले. मेजर हातानाका आणि त्याच्या साथीदारांनी राजवाड्यात घुसून, शाही गार्ड तुकडीचे सेनापती मोरी यांना ठार करून, त्या तबकड्या रात्रभर शोधल्या. एका छोट्या तिजोरीत दडवलेल्या तबकड्या त्यांना सापडल्या नाहीत. सम्राटाच्या नावाने बनावट हुकूमही त्यांनी काढले होते. सम्राटाचा खरा हुकूम अडवण्यासाठी सम्राटाच्याच नावाचा खोटा हुकूम! १९३१ मध्ये जे पेरले होते तेच हे उगवले होते.

१५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता जपानी प्रजेने आपल्या सम्राटाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. दरबारी, जुन्या वळणाची भाषा आणि रेडिओची खरखर. अनेकांना नीट अर्थ लागला नाही. ‘शरणागती’ हा शब्द भाषणात नव्हताच. पण आशियाभर पसरलेल्या, अजून लढायची हिंमत असलेल्या लाखो सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. ज्या शब्दाने लाखो बंदुका खाली येतात, तो शब्द आधी उच्चारता आला नसता का, हा प्रश्न तेव्हापासून आजवर चालत आला आहे.

२७ सप्टेंबरला हिरोहितो जनरल मॅकआर्थर यांना भेटायला गेले. भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. कमरेवर हात ठेवून सैल उभा असलेला उंच अमेरिकन सेनापती, गळ्यात टायसुद्धा नाही, आणि शेजारी औपचारिक पोशाखात ताठ उभा असलेला बुटका सम्राट. पराभव म्हणजे काय हे जपानी लोकांना भाषणापेक्षा या चित्राने जास्त कळले, असे म्हणतात. मॅकआर्थर यांचा हिशेब व्यवहारी होता. जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला कळवले की सम्राटाला आरोपी केले तर देशात उद्रेक होईल आणि किमान दहा लाख सैन्य लागेल. सम्राटाला ठेवून त्यांच्याच हातून नवी व्यवस्था आणायची असे ठरले. १ जानेवारी १९४६ च्या निवेदनात हिरोहितोंनी आपण देवावतार असल्याची कल्पना खोटी म्हणून नाकारली. १९४७ च्या मे महिन्यात अमलात आलेल्या घटनेने सम्राटाला राष्ट्राचे व जनतेच्या ऐक्याचे प्रतीक केले; अधिकार काही ठेवला नाही.

टोकियोत २८ जणांवर खटला चालला. सम्राट आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते, साक्षीदारांतही नव्हते. ३१ डिसेंबर १९४७ रोजी तोजो साक्षीत बोलून गेला की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कोणताही जपानी प्रजाजन काही करणार नाही. न्यायालयात खळबळ उडाली, कारण याचा सरळ अर्थ युद्ध सम्राटाच्या इच्छेने झाले असा होत होता. आठवड्याभरात त्याच्याकडून ते विधान फिरवून घेण्यात आले, आणि पुढे तो फासावर गेला. आपल्या सम्राटाला वाचवणे हे त्याने शेवटचे कर्तव्य मानले, असे दिसते. न्यायपीठाचे अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे वेब आणि फ्रान्सचे न्यायाधीश बेर्नार या दोघांनी आपल्या स्वतंत्र मतात नोंदवले की मुख्य व्यक्तीच खटल्याबाहेर आहे.

भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. पण त्यांचा मुद्दा नीट सांगत नाहीत. जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कम आहे, असे पाल यांनी स्वच्छ लिहिले. त्यांचा आक्षेप होता तो मागाहून केलेल्या कायद्याने आणि जेत्यांनीच न्याय करण्याला. १९६६ मध्ये सम्राटाच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. जाता जाता आणखी एक दुवा. ताब्यातल्या जपानमध्ये कॉमनवेल्थ सैन्याबरोबर भारतीय ब्रिगेड गेली होती. ब्रिगेडियर थिमय्या तिचे प्रमुख, आणि तिच्यात मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियनही होती. कॉमनवेल्थच्या तुकड्या टोकियोत राजवाड्यासमोर आळीपाळीने पहारा देत.

उरलेली चार दशके हिरोहितो सूक्ष्मदर्शकापाशी बसणारे, समारंभांत दिसणारे वृद्ध गृहस्थ झाले. जपान श्रीमंत झाला, आणि बऱ्याच जपान्यांच्या मनात ते त्या वर आलेल्या देशाचे सम्राट आहेत. कोरिया, चीन, हॉलंड, ब्रिटन इथल्या आठवणी निराळ्या होत्या. १९७१ मध्ये ते युरोपला गेले तेव्हा लंडनच्या क्यू बागेत त्यांनी लावलेले झाड कोणीतरी दुसऱ्या दिवशी कापून टाकले, आणि हॉलंडमध्ये त्यांच्या गाडीवर बाटली भिरकावली गेली. तिथे जपानच्या छावण्यांतून वाचलेले कैदी अजून हयात होते. १९७५ मध्ये टोकियोतल्या वार्ताहर परिषदेत युद्धाच्या जबाबदारीबद्दल थेट विचारले गेले, तेव्हा अशा शब्दच्छलाचा आपला अभ्यास नाही म्हणून उत्तर देता येत नाही, असे ते म्हणाले. हे उत्तर वाचून अनेकांना वाईट वाटले, आजही वाटते. मात्र २०१९ मध्ये त्यांच्या दरबाराचे प्रमुख ताजिमा यांच्या नोंदी पुढे आल्या, आणि चित्र थोडे बदलले. १९५२ मध्ये जपान पुन्हा स्वतंत्र झाल्याच्या समारंभातील भाषणात युद्धाबद्दलचा पश्चात्ताप यावा असा हिरोहितोंचा आग्रह होता. पंतप्रधान योशिदांनी तो मजकूर गाळायला लावला, आणि सम्राटांनी मानले. पुन्हा तेच : मत होते, बोलले गेले नाही.

जपानमध्ये हा विषय बोलणे सोपे नव्हते. डिसेंबर १९८८ मध्ये हिरोहितो मृत्युशय्येवर असताना नागासाकीचे महापौर मोतोशिमा एवढेच म्हणाले की सम्राटाकडे युद्धाची जबाबदारी आहे असे मला वाटते. मोतोशिमा स्वतः सैन्यात राहून आलेले होते. जानेवारी १९९० मध्ये एका अतिरेकी राष्ट्रवाद्याने त्यांच्या पाठीत गोळी झाडली. ते वाचले, आणि आपले विधान त्यांनी मागे घेतले नाही.

राहिले ओकिनावा. १९२१ च्या प्रवासातला तो पहिला थांबा. १९४५ मध्ये मुख्य भूमीचा बचाव लांबवण्यासाठी तिथे जी लढाई झाली तीत सैनिकांबरोबर सुमारे एक लाख नागरिक मेले. सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकेने ओकिनावा दीर्घ मुदतीने आपल्या ताब्यात ठेवावे, असा निरोप सम्राटाच्या वतीने गेला होता, हे १९७९ मध्ये उघड झाले. बेट १९७२ मध्ये जपानला परत मिळाले. युद्धानंतर १९४६ ते १९५४ या काळात हिरोहितो देशाच्या प्रांताप्रांतांत फिरले होते. खाणीत उतरले, अनाथालयांत गेले, लोकांच्या बोलण्यावर ‘हो का, हो का’ म्हणत मान डोलावत राहिले. एकच प्रांत राहिला होता. १९८७ च्या शरदात तिथे जायचे ठरले. सगळी तयारी झाली आणि सप्टेंबरात त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांचा संदेश घेऊन युवराज अकिहितो ओकिनावाला गेले आणि तिथे त्यांनी तो वाचून दाखवला. ७ जानेवारी १९८९ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी हिरोहितो वारले. सम्राट म्हणून ते ओकिनावाला कधीच गेले नाहीत.